काळ्या पडद्यावरच्या चार ओळी: बूट लोडरची फाइल हातानं कशी लिहायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीच्या दुकानांत एक प्रश्न सारखा ऐकू येतो: ‘भाऊ, माझ्या लॅपटॉपवर अकरा चढेल का?’ बऱ्याच जणांना उत्तर नकारार्थी मिळतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधीची, अजून ठणठणीत चालणारी मशीन यात मागे राहिली.

मग कुणीतरी सुचवतं की विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघ. नागपुरातल्या अभ्यासिकांमध्ये, छोट्या कार्यालयांत, घराघरांत असे लॅपटॉप आता दिसू लागलेत. त्यांवर जुनं विंडोजही असतं आणि शेजारी लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकारही. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर काळा पडदा येतो, त्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. मशीन दुकानात नेलं की ऐकायला मिळतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल.’

हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहितोय, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. डेटा जिथल्या तिथे असतो. हरवलेली असते ती एक छोटी मजकुराची फाइल, किंवा तिच्याकडे जाणारी वाट. ती फाइल एकदा स्वतःच्या हातानं लिहून पाहिली की त्या काळ्या पडद्यावर काय टाइप करायचं हे आपोआप कळतं, कारण दोन्हीकडच्या ओळी जवळजवळ त्याच आहेत.

बटण दाबल्यापासून काय होतं

मशीन सुरू होताना त्याला लिनक्स ठाऊक नसतं आणि विंडोजही ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्या मशीनमध्ये यूईएफआय. हा प्रोग्राम मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते तपासतो आणि मग डिस्कवर पुढचा प्रोग्राम शोधतो. त्या पुढच्या प्रोग्रामचं नाव बूट लोडर.

बायोसची पद्धत १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आली आहे. बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यातले ५१२ बाइट वाचतो, बस्स. त्यातले ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, तक्त्याला जातात, २ बाइट खुणेला, आणि प्रोग्रामला उरतात जेमतेम ४४६ बाइट. एवढ्या जागेत काय मावणार? म्हणून बूट लोडरचा अगदी इवलासा भाग तिथे बसतो आणि तो आपल्या मोठ्या भागाला हाक मारतो. पुढे हे प्रकरण महत्त्वाचं ठरणार आहे.

यूईएफआय जास्त शहाणं आहे. त्याला फॅट३२ प्रकारचं पार्टिशन वाचता येतं. डिस्कवर त्यासाठी एक लहान पार्टिशन राखून ठेवलेलं असतं, त्याला ईएसपी म्हणतात. विंडोजचा बूट लोडर आणि लिनक्सचा बूट लोडर दोघेही तिथे आपापल्या फोल्डरात सुखानं राहतात.

बूट लोडर आला की त्याचं काम ठरलेलं आहे. नागपूर स्टेशनचंच बघा. दिल्ली, चेन्नई, मुंबई, हावडा, चारही दिशांना गाड्या जातात. गाडी कितीही ताकदवान असली तरी ती कोणत्या रुळावर जाईल हे इंजिन ठरवत नाही. ते सांधे ठरवतात. पूर्वी सांधेवाला हातानं सांधे बदलायचा, आता ते पॅनेलवरून होतं. गाडी पुढे गेली की सांधेवाल्याचा तिच्याशी संबंध संपतो. बूट लोडर हा तो सांधेवाला, आणि आपण जी फाइल लिहिणार आहोत ती म्हणजे कोणती गाडी कोणत्या रुळावर घ्यायची हे सांगणारी त्याच्या हातातली चिठ्ठी.

चिठ्ठी हरवली म्हणून गाडी मोडत नाही. ती उभी राहते, इतकंच.

चिठ्ठीत लिहायचं तरी काय

लिनक्स सुरू करायला बूट लोडरला तीन गोष्टी कळाव्या लागतात.

पहिली, कर्नल कुठे आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा कारभार पाहणारा प्रोग्राम. डिस्कवर ती एकच फाइल असते, ‘बूट’ नावाच्या फोल्डरात. तिचं नाव व्हीएमलिनुझ, शेवटचं अक्षर झेड. लिनक्स लिहायच्या सवयीनं तिथे एक्स टाइप झालं की ‘फाइल सापडली नाही’ असं उत्तर येतं.

दुसरी, इनिटआरडी कुठे आहे. हे थोडं सावकाश समजून घेऊ, कारण इथे खूप जण अडखळतात. कर्नलला मुख्य पार्टिशन उघडायचं असतं. ते उघडायला त्या डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लागतो. ड्रायव्हर कुठे? बरेचदा त्याच पार्टिशनवर. या पेचातून सुटायला एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, बांधून एकाच फाइलीत ठेवलेली असते. बूट लोडर तीही मेमरीत चढवतो. कर्नल आधी तिच्यातले ड्रायव्हर आणि हत्यारं वापरतो, खरं पार्टिशन शोधून उघडतो आणि मग तिला बाजूला सारतो. ही फाइल सांगायची राहिली तर कर्नल सुरू होतो, चार ओळी छापतो आणि ‘कर्नल पॅनिक’ म्हणून थांबतो. रूट फाइल सिस्टिम उघडता आली नाही, अशी त्याची तक्रार असते.

तिसरी, मुख्य पार्टिशन कोणतं. लिनक्समध्ये त्याला रूट म्हणतात. सगळी फोल्डरं त्याच्या पोटात असतात.

एवढंच. कर्नल, इनिटआरडी, रूट.

प्रत्यक्ष फाइल

लिनक्समध्ये सर्वांत जास्त आढळणारा बूट लोडर म्हणजे ग्रब. त्याची सुरुवात १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी केली. त्याच काळातला लिलो नावाचा बूट लोडर कर्नल डिस्कच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी आहे हे आकड्यांत टिपून ठेवायचा, त्यामुळे कर्नल बदलला की लिलो पुन्हा बसवावा लागे. ग्रब फाइल सिस्टिम स्वतः वाचतो. फोल्डर उघडतो, नावानं फाइल शोधतो. म्हणूनच साध्या मजकुराची फाइल लिहून त्याच्याशी बोलता येतं.

ग्रबची मुख्य फाइल उघडून पाहिली तर अगदी सुरुवातीलाच ठळक सूचना दिसते, ही फाइल संपादित करू नका. खाली शेकडो ओळी. बघणारा घाबरून फाइल बंद करतो. ती सूचना योग्यच आहे, कारण ती फाइल एक प्रोग्राम तयार करतो आणि पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जातो. पण ग्रबनं हातानं लिहिणाऱ्यांसाठी एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. बूट फोल्डरातल्या ग्रब फोल्डरात ‘कस्टम डॉट सीएफजी’ या नावाची फाइल ठेवली की ग्रब मशीन सुरू होताना ती आपणहून वाचतो. तिच्यातल्या नोंदी मेन्यूच्या शेवटी दिसतात. आधीच्या नोंदींना धक्का लागत नाही. म्हणजे आपली नोंद चुकली तरी वरच्या नोंदीवरून मशीन नेहमीसारखं सुरू होतं. शिकायला याहून सुरक्षित जागा नाही.

वाचायला सोपं म्हणून इथे सगळं देवनागरीत देतोय. फाइलीत हे सारे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत लिहायचे, मेन्यूत दिसणारं नावसुद्धा इंग्रजीतच ठेवलेलं बरं.

मेन्युएंट्री "माझं लिनक्स" {
    सर्च --नो-फ्लॉपी --एफएस-यूयूआयडी --सेट=रूट क्रमांक
    लिनक्स /बूट/व्हीएमलिनुझ रूट=यूयूआयडी=क्रमांक आरओ क्वायट
    इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी
}

पहिली ओळ मेन्यूत दिसणारं नाव सांगते. नावानंतर एक जागा सोडून महिरपी कंस उघडायचा. ती जागा सोडली नाही तर ग्रबला कंस कळत नाही. शेवटचा कंस वेगळ्या ओळीवर बंद करायचा.

‘सर्च’ची ओळ ग्रबला सांगते की हा क्रमांक असलेलं पार्टिशन शोध आणि यापुढच्या फाइली त्यावर बघ. क्रमांक म्हणजे यूयूआयडी. पार्टिशनवर फाइल सिस्टिम तयार होते तेव्हाच तिला हा लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, चार आडव्या रेघा धरून ३६ अक्षरांचा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसबीएलके’ या आज्ञेपुढे आडवी रेघ आणि एफ लिहिलं की सगळ्या पार्टिशनांचे क्रमांक समोर येतात. ईएसपीचा क्रमांक मात्र फक्त आठ अक्षरांचा, मध्ये एक रेघ. लिनक्सच्या नोंदीत चुकून तो आखूड क्रमांक टाकला तर ग्रबला कर्नल सापडणार नाही. क्रमांक हातानं टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा. हातानं लिहायचं म्हणजे समजून लिहायचं, ३६ अक्षरं पाठ करायची नाहीत.

या नोंदीत ‘रूट’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळी अर्थ निराळा. ‘सर्च’च्या ओळीतला रूट ग्रबसाठी आहे: फाइली कुठे शोधायच्या. ‘लिनक्स’च्या ओळीतला रूट कर्नलच्या दिशेनं जातो: सुरू झाल्यावर कोणतं पार्टिशन मुख्य म्हणून उघडायचं. साध्या मांडणीत दोन्ही ठिकाणी एकच क्रमांक येतो. पण बूट फोल्डरासाठी वेगळं पार्टिशन असेल तर वरच्या ओळीत त्या वेगळ्या पार्टिशनचा क्रमांक येईल, खालच्या ओळीत मुख्य पार्टिशनचा, आणि फाइलींच्या वाटेतला ‘/बूट’ हा भागही गळेल, कारण ग्रबच्या दृष्टीनं ते पार्टिशन म्हणजेच बूट फोल्डर.

‘आरओ’ म्हणजे सुरुवातीला पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघड, तपासणी झाली की लिहायला मोकळं कर. ‘क्वायट’ म्हणजे भरमसाट संदेश दाखवू नकोस. अडचण शोधत असाल तर ‘क्वायट’ काढून टाका, मशीन नेमकं कुठे अडतंय ते पडद्यावर वाचता येतं.

ओळींचा क्रमही बघा. ‘इनिटआरडी’ नेहमी ‘लिनक्स’च्या खाली. उलटं केलं तर ग्रब म्हणतो, आधी कर्नल चढवा.

फाइल जतन केल्यावर ‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ ही आज्ञा तिच्यावर चालवा. कंस राहिला, अवतरण चिन्ह सुटलं, तर ती ओळ दाखवते. क्रमांक बरोबर आहे का हे मात्र ती सांगणार नाही.

उबुंटूसारख्या लिनक्समध्ये मेन्यू बरेचदा लपवलेला असतो. बायोसच्या मशीनवर सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं की, आणि यूईएफआयच्या मशीनवर एस्केप दाबलं की तो दिसतो. कायमचा दिसावा असं वाटत असेल तर ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल आहे, तिच्यात टाइमआउट स्टाइल ‘मेन्यू’ आणि टाइमआउट ५ करा आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवा.

विंडोजसाठी नोंद हवी असेल तर कर्नल आणि इनिटआरडीच्या ओळी लागत नाहीत. यूईएफआयच्या मशीनवर ‘सर्च’मध्ये ईएसपीचा तो आखूड क्रमांक आणि खाली ‘चेनलोडर’ या शब्दापुढे ईएसपीवरच्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातल्या बूट फोल्डरातली ‘बूटएमजीएफडब्ल्यू डॉट ईएफआय’ ही फाइल. ग्रब मग विंडोजच्याच बूट लोडरला बोलावतो आणि बाजूला होतो. लिनक्स टाकल्यावर ‘मेन्यूतून विंडोज गेलं’ असं अनेकांना वाटतं. ते गेलेलं नसतं. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम आपणहून चालत नाही, म्हणून नोंद दिसत नाही.

पार्टिशनचा नंबर आणि पार्टिशनचा क्रमांक

ग्रब डिस्कची मोजणी शून्यापासून करतो आणि पार्टिशनची एकपासून. पहिल्या डिस्कवरचं पाचवं पार्टिशन जुन्या तक्त्याच्या डिस्कवर ‘(एचडी०,एमएसडॉस५)’ असं दिसतं, नव्या पद्धतीच्या डिस्कवर ‘एमएसडॉस’च्या जागी ‘जीपीटी’ येतं. आपण सरळ हेच का लिहीत नाही, लांबलचक यूयूआयडी कशाला?

नंदनवनमध्ये आमच्या ओळखीतली एक मुलगी एमपीएससीची तयारी करते. जुना बायोसचा लॅपटॉप, त्यावर विंडोज आणि मिंट. एका संध्याकाळी ती तो घेऊन आली. ‘काका, दुकानवाला म्हणते फॉरमॅट मारा लागन. माह्या साऱ्या नोट्स त्यातच आहे.’ पडद्यावर ‘असं पार्टिशन नाही’ ही ओळ आणि खाली ग्रब रेस्क्यू. विचारलं, कुणी काही केलं का? आदल्या दिवशी भावानं विंडोजमधून एक रिकामा ड्राइव्ह काढून टाकला होता.

एवढ्यावरून गोष्ट कळली. जुन्या तक्त्यात पाच आणि त्यापुढचे नंबर एकामागोमाग साखळीनं दिलेले असतात. पाचवं पार्टिशन काढलं, तेव्हा सहावं पाचवं झालं. डिस्कच्या सुरुवातीला बसलेल्या ग्रबच्या छोट्या भागात मात्र ‘माझा उरलेला भाग सहाव्यावर’ हीच नोंद होती. सहावं आता नव्हतंच.

‘एलएस’ टाइप केलं. पार्टिशनांची यादी आली. एकेकाचं नाव ‘एलएस’पुढे लिहून शेवटी तिरपी रेघ देत गेलो. विंडोजच्या पार्टिशनवर ‘अनोळखी फाइल सिस्टिम’ असं उत्तर. पाचव्यावर मात्र बूट, ईटीसी, होम, यूएसआर अशी नावं ओळीनं उमटली. ‘होम’ हा शब्द दिसला तसं मी तिला म्हटलं, ‘हे बघ, तुझ्या नोट्स इथेच आहेत.’ मग चार ओळी:

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलं आणि ओळखीचा मेन्यू समोर आला. आणि पुढे काहीच अडलं नाही, कारण मेन्यूतल्या नोंदी नंबरानं नव्हे, यूयूआयडीनं लिहिलेल्या होत्या. पार्टिशनचा नंबर बदलला तरी यूयूआयडी तोच राहतो. लिनक्स उघडल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा पूर्ण डिस्कचं नाव देऊन चालवली, पार्टिशनचं नाही, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या भागात नवी वाट नोंदली गेली. एकही फाइल गेली नाही. ज्यानं फॉरमॅट सुचवलं त्याला बहुधा ही वाट कुणी दाखवलीच नसेल. पण एका मुलीच्या अभ्यासाचा सवाल होता, आणि अशी किती मशीन त्या एका शब्दावर पुसली जात असतील याचं मला फार वाईट वाटतं.

‘ग्रब रेस्क्यू’ऐवजी नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे बाणाची खूण दिसली तर काम आणखी सोपं. याचा अर्थ ग्रब पूर्ण चढला आहे, त्याला फक्त चिठ्ठी सापडलेली नाही. तिथे ‘सेट रूट’नं पार्टिशन सांगायचं, मग ‘लिनक्स’ची ओळ, मग ‘इनिटआरडी’ची ओळ, आणि शेवटी ‘बूट’. आपण वर फाइलीत लिहिलेल्याच ओळी. कंस नाहीत आणि ‘बूट’ हा शब्द जास्तीचा, एवढाच फरक. टॅबची कळ दाबली की ग्रब फाइलींची नावं पुरी करून देतो, त्यामुळे लांब नावं आठवत बसावी लागत नाहीत.

याहून साधी फाइल असते का?

असते. यूईएफआयच्या मशीनवर सिस्टिमडी-बूट नावाचा बूट लोडर वापरता येतो. त्यात कंस नाहीत, ‘सर्च’ नाही. ईएसपीवर ‘लोडर’ फोल्डर, त्यात ‘एंट्रीज’ फोल्डर, आणि प्रत्येक नोंदीसाठी एक स्वतंत्र छोटी फाइल:

टायटल माझं लिनक्स
लिनक्स /व्हीएमलिनुझ
इनिटआरडी /इनिटआरडी.आयएमजी
ऑप्शन्स रूट=यूयूआयडी=क्रमांक आरओ क्वायट

तेच तीन प्रश्न, तीच तीन उत्तरं. ‘सर्च’ची ओळ नाही, कारण हा बूट लोडर दूरची पार्टिशनं धुंडाळत नाही. कर्नल आणि इनिटआरडी ईएसपीवरच किंवा त्याच डिस्कवर बूटसाठी राखलेल्या खास पार्टिशनवर असावे लागतात. साधेपणाची ही किंमत. ईएसपी १०० एमबीचं असेल तर दोन-तीन कर्नलांतच ते भरतं. त्याच ईएसपीवर विंडोज असेल तर ते मेन्यूत आपोआप येतं, त्याची नोंद लिहावी लागत नाही. समजून घेण्यासाठी मला हीच फाइल जास्त आवडते. पण मिंट किंवा उबुंटू आधीच चालू असलेल्या मशीनवर केवळ हौसेखातर ग्रब काढून हा बसवू नका.

‘सगळं आपोआप होतं, मग हातानं का?’

रोजच्या वापरासाठी आपोआप तयार होणारी फाइलच वापरा, मीही तीच वापरतो. पण ती फाइल तयार करणारा प्रोग्राम लिनक्समध्ये राहतो, आणि लिनक्सच उघडत नाही तेव्हा तो कामाचा नाही. त्या वेळी हाताशी फक्त कीबोर्ड आणि काळा पडदा असतो.

‘एखादी ओळ चुकली तर मशीन खराब होईल?’

नाही. या फाइलीतली चूक डिस्कवरचा डेटा पुसत नाही आणि कोणताही भाग जाळत नाही. फार तर ती नोंद उघडणार नाही. मेन्यूत त्या नोंदीवर जाऊन ई दाबलं की ती तिथेच दुरुस्त करता येते, कंट्रोल आणि एक्स दाबून चालवता येते. तो बदल त्या एका वेळेपुरता असतो, फाइल तशीच राहते.

धोका दुसरीकडे आहे. पार्टिशन बनवणाऱ्या, फॉरमॅट करणाऱ्या आज्ञा चुकीच्या डिस्कवर चालल्या तर डेटा खरंच जातो. वर दिलेल्या एकाही पायरीत त्या आज्ञा नाहीत. कुणी ‘बूट दुरुस्त करायचं’ म्हणून तशी आज्ञा सांगितली तर थांबा. आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट चालतं अशा पेनड्राइव्हवरून, मशीन सुरू करा, फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.

विंडोजमध्ये बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर बूटमध्ये काहीही बदल करण्याआधी त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सुरू होण्याची वाट बदललेली दिसली की बिटलॉकर ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर तो डेटा उघडायला दुसरा मार्ग नाही. ही सूचना मी दोनदा वाचायला सांगेन.

‘कर्नल अपडेट झाला की माझी नोंद बिघडेल ना?’

फाइलीचं पूर्ण नाव आवृत्तीच्या आकड्यासह लिहिलं असेल तर बिघडेल. जुना कर्नल कधीतरी काढला जातो आणि नोंद रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते. म्हणून वरच्या नोंदीत आकडा नाही. उबुंटू आणि त्यावर उभ्या असलेल्या मिंटमध्ये बूट फोल्डरात आकड्याविना ‘व्हीएमलिनुझ’ आणि ‘इनिटआरडी डॉट आयएमजी’ अशा दोन खुणा असतात, ताज्या कर्नलकडे नेणाऱ्या. प्रत्येक अपडेटला त्या आपोआप बदलतात. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका प्रकारात या खुणा बूट फोल्डरात नसतात, सगळ्यात वरच्या फोल्डरात असतात. तिथे ‘/बूट’ गाळायचं.

‘ई दाबून कुणीही बदल करू शकतो, मग सुरक्षिततेचं काय?’

शंका रास्त आहे. मेन्यूवर ई दाबून कर्नलच्या ओळीत एक-दोन शब्द घातले की पासवर्ड न विचारता सगळे अधिकार मिळवता येतात. अभ्यासिकेतल्या किंवा कार्यालयातल्या सामायिक मशीनवर ग्रबला पासवर्ड लावा. नोंदी बदलायला तो विचारला जाईल आणि नेहमीचं सुरू होणं तसंच ठेवता येईल. सिस्टिमडी-बूटमध्ये ‘लोडर डॉट कॉन्फ’ या फाइलीत ‘एडिटर नो’ लिहिलं की बदल करण्याची सोयच बंद होते. तरीही कुणी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर बूट लोडर काही करू शकत नाही. त्यासाठी लिनक्स टाकतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायचा, पर्याय निवडावा लागतो.

ही फाइल आतून किती नाजूक आहे हे जुलै २०२० मध्ये जगासमोर आलं. ‘बूटहोल’ या नावानं ओळखला गेलेला दोष ग्रबच्या हीच फाइल वाचण्याच्या पद्धतीत होता. मुद्दाम वेडीवाकडी लिहिलेली फाइल वाचताना ग्रब भरकटायचा आणि परका प्रोग्राम चालवायचा. त्यासाठी हल्लेखोराकडे आधीच सगळे अधिकार असावे लागत, आणि ग्रबमध्ये दुरुस्तीही झाली. तेव्हा बूट लोडरचे अपडेट टाळू नका.

‘सिक्युअर बूट चालू आहे, तरी चालेल?’

चालेल. सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलाच प्रोग्राम सुरू करू देणारी यूईएफआयची व्यवस्था. ती सही बूट लोडरवर आणि कर्नलवर बघितली जाते, आपल्या मजकुराच्या फाइलीवर नाही. उबुंटू, मिंट, डेबियन यांच्या बूट लोडरच्या पहिल्या भागावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि त्यांचे कर्नलही सही केलेले असतात. स्वतः बांधलेला कर्नल मात्र सहीशिवाय उघडणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुन्या बूट लोडरांना नाकारणारी यादी मशीनमध्ये घातली आणि शेजारी लिनक्स असलेली अनेक मशीन सुरू होईनाशी झाली. ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ एवढं इंग्रजीत सांगून ती बंद पडत. तिथेही डेटाला काही झालं नव्हतं. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्स उघडून ती यादी पूर्ववत करायची, बूट लोडर अपडेट करायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं, अशी ती दुरुस्ती होती.

दुसरी बाब तारखांची. सही तपासायला मशीनमध्ये ठेवलेल्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांच्या मुदती जून २०२६ पासून संपायला लागतात. मुदत संपली म्हणून चालू मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, मात्र पुढचे बूट लोडर नव्या, २०२३ च्या प्रमाणपत्रानं सही होऊन येतील आणि ते प्रमाणपत्र मशीनमध्ये असावं लागेल. लिनक्समध्ये ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ या आज्ञेनं, विंडोजमध्ये नेहमीच्या अपडेटमधून ते येतं. जुन्या लॅपटॉपच्या कंपनीनं यूईएफआयचं नवं अपडेट दिलं असेल तर तेही आधी घालून घ्या, आणि ते घालताना चार्जर लावलेला ठेवा.